सुकाणूंना हळदकुंकू

आमची होडी वाऱ्याकडे ओढते, हे मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये बोलून गेले, ही माझी पहिली चूक. लिफ्टमध्ये माणसाने उकाड्याबद्दल बोलावं आणि आपला मजला आला की उतरावं. पण वरच्या मजल्यावरच्या यादवसाहेबांनी माझ्या दंडावरचा पट्टा बघून "मॅडम, हाताला काय झालं?" असं विचारलं, आणि उभी नोकरी बारावीला फिजिक्स शिकवण्यात गेल्यामुळे प्रश्न आला की पूर्ण उत्तर द्यायची मला खोड आहे.

"होडी ओढते म्हणजे?" यादवसाहेबांनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं.

"सरळ न्यायची म्हटली तरी ती आपलं तोंड वाऱ्याकडे फिरवते. मग सुकाणूचा दांडा सारखा उलटा खेचून धरावा लागतो. तासाभरात खांदा जातो."

यादवसाहेबांनी डोळे मिटून विचार केला. लिफ्ट बोंबलायला लागली. "अलाइनमेंट," ते म्हणाले. "माझी गाडी अशीच डावीकडे ओढायची. द्वारका चौकात एक माणूस आहे, त्याला दाखवा."

"होडीला चाकं नसतात, यादवसाहेब."

"नसू देत. दाखवून घ्यायला काय जातं?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गच्चीवरच्या योगासनांच्या वर्गात पोचली होती. एकीने सांगितलं की वायव्य ही वाऱ्याची दिशा, तेव्हा होडी वायव्येला तोंड करून ठेवा, म्हणजे तिची हौस फिटेल. दुसरीने लिंबू-मिरची सुचवली. तिसरीची सून अगदी अशीच होती, कितीही समजावलं तरी माहेरच्या दिशेला वळायची. तिला वेगळं बिऱ्हाड करून दिल्यावर सरळ झाली. या उपायाचा माझ्या होडीला काय उपयोग, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं.

होडी म्हणजे कॅटामरान. दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी, मध्ये ताणलेली जाळी, वर डोलकाठी आणि शीड, मागे दोन सुकाणू. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त लष्करी अधिकारी डेहराडूनला राहायला गेले तेव्हा त्यांनी ती मला दिली. वयाच्या साठीत बाईने होडी का घ्यावी, हा प्रश्न नाशकातल्या बहुतेक लोकांनी मला विचारून झालेला आहे. पुरुषाने घेतली असती तर "वा, छंद चांगला आहे" म्हणाले असते. मला म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. घरी ढुंढिराज होते. माझे यजमान गायधनी, म्हणजे रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या घराण्यातले. नाशकात हे आडनाव उच्चारलं की समोरच्याला राहिलेलं श्राद्ध आठवतं. त्यांनी स्वतः नोकरी सरकारी हिशेबात केली. पूजा सांगतात त्या ओळखीपाळखीत. पिढ्यान्‌पिढ्या अख्ख्या मुलखाला गोदावरीत बुड्या मारायला लावणाऱ्या घराण्यातला हा माणूस स्वतः कधी घोट्याच्या वर पाण्यात गेलेला नाही. होडीबद्दल त्यांचं मत एवढंच की, "तुझी आहे, तू बघ."

बघणं भाग होतं. गंगापूर धरणाच्या काठावर आमचं काही हौशी लोकांचं शिडाच्या होड्यांचं मंडळ आहे, त्याचा सेक्रेटरी विश्वेश. हा माझा विद्यार्थी. वर्गात खिडकीतून बाहेर बघत बसायचा. आता तोच मला नियम सांगतो. माझी होडी दोनदा आपण होऊन वळली आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या होडीत घुसली. एकदा त्याच्याच.

"मॅडम, तुमच्या होडीची नोंद तूर्त स्थगित ठेवतोय," तो म्हणाला. "दसऱ्याला सकाळी सगळ्या होड्यांची पूजा असते. त्या दिवशी पाण्यात नांगरलेल्या नारंगी फुग्यापर्यंत सरळ जाऊन सरळ परत या. नाही जमलं तर होडी इथून हलवावी लागेल."

हलवून नेणार कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उभी करायलाही सर्वसाधारण सभा लागते. म्हणजे विकणंच आलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सेवानिवृत्तीच्या समारंभात मला एक शाल, एक श्रीफळ आणि "आता आराम करा" हा सल्ला मिळाला होता. त्या सल्ल्यातून मला बाहेर काढलं ते या होडीने.

दोष मला सापडलेला होता. सुकाणूंची पाती पाण्यात उभी राहण्याऐवजी मागे कललेली होती, धावत्या बाईचा पदर उडावा तशी. ती थोडी पुढे, होडीच्या पोटाखाली घेतली की दांड्यावरचा जोर निम्मा होतो. त्यासाठी पात्याला एक नवीन भोक पाडायचं, बोल्ट त्यात बसवायचा, संपलं. काठावर वीज नव्हती, म्हणून मी दोन्ही सुकाणू सोडवले, जुन्या चादरीत गुंडाळले, स्कूटरवर पायांशी उभे केले आणि घरी निघाले.

ही दुसरी चूक. त्या आठवड्यात शहरात कोयते बाळगणाऱ्यांची धरपकड चालू होती. वाटेत एका नाक्यावर मला हात झाला.

"म्याडम, गाडी साइडला घ्या." हवालदाराच्या छातीवर वाल्मीक असं नाव होतं. "चादरीत काय हाय?"

"सुकाणू."

"कशाचं?"

"नावेचं."

"नाव सांगा मग."

"मालिनी गायधनी."

"तुमचं नाय, वस्तूचं."

"सुकाणू. नावेचं."

"तेच इचारतोय. कोणाच्या नावचं?"

"माझ्या."

वाल्मीकने चादर सोडली. आतून हातभर लांबीची, पुढून धारदार, रुपेरी पाती निघाली. आजूबाजूचे दुचाकीवाले थांबून बघायला लागले. त्यातले दोघे माझे माजी विद्यार्थी असावेत, कारण त्यांनी ताबडतोब मान खाली घातली.

"ही तर पाती हायेत," वाल्मीक म्हणाला.

"हो, त्यांना पातीच म्हणतात."

"आन् मघाशी सुकाणू म्हनलात." त्याने जोडीदाराकडे बघितलं. जबाबात विसंगती सापडली होती.

चौकीत माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, हे सांगायलाच हवं. चहा दिला, पंखा माझ्याकडे फिरवला. मात्र सुकाणू कोपऱ्यात गेले. मी विचारलं, जप्त केलेत का? वाल्मीक म्हणाला, "जप्त नाय, म्याडम. ठिवून घेतलंय."

"दोन्हींत फरक काय?"

"जप्त केलं तर पंचनामा करावा लागतो."

ते होडीचेच भाग आहेत असा दाखला आणला की मिळणार होते. मी विश्वेशकडे गेले. तो म्हणाला, "दिला असता, मॅडम, पण तुमची नोंद स्थगित आहे ना. कागदोपत्री आत्ता तुम्हाला होडीच नाही." मग मी जलाशयाचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "दाखला देतो. होडी पाण्यावर चालती बघावी लागेल."

"सुकाणूशिवाय कशी चालेल?"

"मग सुकाणू आणा."

"ते चौकीत आहेत. तुमचा दाखला नेला की देतील."

"होडी बघितल्याशिवाय कसा देणार? आणि मॅडम, सुकाणू नसेल तर तिला होडी म्हणता येत नाही, तो तराफा झाला. तराफा आमच्याकडे नाही. तराफ्याचं कोण बघतं ते मलाही माहीत नाही."

असं तर्कशुद्ध वर्तुळ मी वर्गात फळ्यावरसुद्धा कधी काढू शकले नव्हते. चौकीतलं आणि इथलं, या दोन टेबलांमध्ये मी नवरात्रभर फिरले. घटाचे अंकुर वर येत होते आणि माझी आशा खाली जात होती. योगासनांच्या वर्गात तर मला तलवारींसकट पकडल्याची वार्ता पक्की झालेली होती, आणि पूर्वी जागा धरून ठेवणाऱ्या बायका आता माझ्यासाठी जरा जास्तच जागा सोडायला लागल्या होत्या.

खंडेनवमीला सकाळी फोन आला. वाल्मीक. मला वाटलं, सुटले सुकाणू.

"म्याडम, तुमचे साहेब गायधनी ना? चौकीत शस्त्रपूजा हाय. आमचे गुरुजी तापानं पडलेत. साहेबांना पाठवता का?"

ढुंढिराजांनी सोवळं पिशवीत घातलं. मी म्हटलं, मीही येते. चौकीत टेबल जोडून वर पांढरं कापड घातलेलं होतं. त्यावर रायफली, लाठ्या, ढाली, वॉकीटॉकी, आणि मधोमध, सगळ्यांत चकचकीत म्हणून मानाच्या जागी, माझे दोन सुकाणू. दोन्हींना झेंडूची माळ. कुणीतरी ते लिंबाने घासून लखलखीत केलेले होते. इतके स्वच्छ ते माझ्याकडे कधीच नव्हते.

ढुंढिराजांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पूजा सुरू केली. हळदकुंकू, अक्षता, फुलं. रायफलीला जितकं गंध तितकंच सुकाणूंना. चौकीचे साहेब हात जोडून उभे होते. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि मग ढुंढिराज अगदी सहज म्हणाले, "साहेब, ही दोन अवजारं मात्र आता इथे ठेवता येणार नाहीत."

"का, गुरुजी?"

"ही जलातली अवजारं. पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी लागावं लागतं. नाही लागलं, तर ठेवणाऱ्याला दोष."

साहेबांनी जरा विचार केला. "म्हणजे प्रत्यक्ष ठेवणाऱ्याला, का ठेवायला सांगणाऱ्याला?"

"शास्त्राने तसा फरक केलेला नाही."

 वाल्मीक आपण होऊन टेबलापासून दोन पावलं मागे सरकला. "चादर आण रे," साहेब म्हणाले, आणि मग ढुंढिराजांकडे वळून, "गुरुजी, पण पाण्यात तुम्ही स्वतः न्याल ना? म्हणजे ते विधिवत होईल. उद्या वाल्मीकलाही पाठवतो तिकडे."

"अर्थात," ढुंढिराज म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"मला माहीत नाही. पण नाही असंही मला माहीत नाही."

"आणि ते अर्थात म्हणालात, ते?"

कॅनडा कॉर्नरच्या चौकात त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "नवरात्रभर तू चौकीतून रिकाम्या हातांनी परत यायचीस. मला बघवेना." आणि लगेच स्वतःच्या बोलण्याने अवघडून, "रिक्षा करू या का?" असं विचारलं.

भोकं पाडायला ड्रिल मशीन हवं होतं. ते सोसायटीत फक्त यादवसाहेबांकडे आहे. ते मशीन कुणाला देत नाहीत, मशीनबरोबर स्वतः येतात. गच्चीवर सुकाणू आडवे ठेवले, मी पेन्सिलीने खुणा केल्या, आणि बजावलं, "खूण केली आहे तिथेच. जुन्या भोकाच्या किंचित पुढे." मग एक्स्टेंशनची वायर कमी पडली म्हणून मी खाली गेले. परत येते तो यादवसाहेब गॉगल कपाळावर चढवून समाधानाने बसलेले. दुसरी वायर त्यांना शेजारून मिळाली होती.

"तुमच्या खुणेपेक्षा दुप्पट पुढे घेतलं," ते म्हणाले. "काम एकदाच करायचं. परत परत कशाला?"

मी फिजिक्समधले काही शब्द गिळले. नवीन पाती मिळणार नव्हती, आणि सकाळी चाचणी होती.

दसऱ्याला काठावर गर्दी होती. होड्यांना तोरणं बांधली जात होती. यादवसाहेब सहकुटुंब आले होते आणि भेटेल त्याला भोकं कुणी पाडली ते सांगत होते. वाल्मीक साध्या वेशात एका दगडावर बसला होता. ढुंढिराज आले ते धोतरावर लाईफ जॅकेट चढवून. विश्वेशने ते दोनदा आवळलं, तरी त्यांनी तिसऱ्यांदा आवळायला लावलं. मग ते जाळीवर माझ्या शेजारी, अगदी मागे बसले आणि दोन्ही हातांनी जाळी धरली. त्यांचे ओठ हलत होते. कुठलं स्तोत्र ते मी विचारलं नाही.

सुरुवातीला होडी बाणासारखी निघाली. दांडा हलका लागत होता. मी काठाकडे बघून हात हलवायच्या बेतात होते, तेवढ्यात होडीने विचार बदलला. आजवर ती वाऱ्याकडे तोंड फिरवायची. आता तिने वाऱ्याला पाठ दाखवली आणि पळत सुटली. पाती एवढी पुढे आली होती की दांडा जरा हलवला तरी तो माझ्या हातातून आणखी लांब पळायचा. वर्गातली मुलं मी या वयातही आवरू शकले असते; दांडा आवरेना.

"मालिनी," ढुंढिराज म्हणाले, "आपल्याला त्या नारंगी फुग्याकडे जायचं होतं ना?"

"हो."

"तो मागे गेला."

"दिसतंय मला."

"काठही मागे गेला."

वारा आम्हाला धरणाच्या दूरच्या काठावर घेऊन गेला आणि तिथल्या चिखलात होडीची दोन्ही नाकं फसक्‌कन रुतली. आम्ही खाली उतरलो. समोर झेंडूचा मळा होता. बांधावर फुलांनी भरलेल्या क्रेटच्या चळतीवर एक बाई कमरेला पदर खोचून बसली होती. तिने आमच्याकडे बघितलं, शिडाकडे बघितलं, धोतराकडे बघितलं.

"टेम्पोवाल्यानं धाडलं का तुमाला?" तिने विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "आम्ही आपोआप आलो."

बाईचं नाव नवसाबाई. पहाटेपासून टेम्पोची वाट बघत होती. टेम्पो वाटेत बंद पडला होता, आणि ड्रायव्हर फोनवर आत्ता येतो म्हणत होता. "दुपार टळली का दसऱ्याचं फूल कोन घेतंय," ती म्हणाली. "वरीसभर हेच्यासाठी राबायचं, आन् उद्या हेच उकिरड्यावर." रडवेपणा काही नव्हता तिच्या बोलण्यात, राग होता, आणि तो टेम्पोवर होता.

मी होडीकडे बघत होते. ही सरळ जात नाही, हे तिला कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात ढुंढिराज म्हणाले, "आम्ही नेतो की." आयुष्यात प्रथमच पाण्यावर आलेल्या आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात असलेल्या माणसाने माल पोचवायची हमी दिली होती.

नवसाबाईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिने क्रेट जाळीच्या अगदी पुढच्या भागात रचले, दोरीने आवळले, आम्ही चढल्यावर खांदा लावून होडी चिखलातून ढकलून काढली आणि स्वतःही चढली. "फुलं एकटी कशी धाडू," ती म्हणाली. मग ढुंढिराजांकडे वळली. "म्हाराज, तुमी म्होरं सरका. तिथं मागं काय करताय, बाईला हात हलवाया जागा नाय."

घरात पाण्याचा ग्लाससुद्धा तीनदा सांगितल्याशिवाय न हलवणारे ढुंढिराज रांगत पुढे गेले आणि झेंडूच्या दोन क्रेटमध्ये बसले.

वारा एव्हाना आडवा झाला होता. मी शीड ओढलं आणि पुन्हा पळ काढला जाणार म्हणून दांडा घट्ट धरला. होडी वळली नाही. थोडा वेळ मी वाट बघितली. तरीही वळली नाही. मग लक्षात आलं. पुढे वजन आल्यामुळे होडीचं नाक खाली गेलं होतं, आणि नाक खाली गेलं की होडी वाऱ्याकडे वळू बघते. मागे यादवसाहेबांची भोकं तिला वाऱ्यापासून पळवत होती. दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं आणि मधल्यामध्ये होडी सरळ चालली होती. मी दांड्यावरची मूठ सोडली, नुसती दोन बोटं ठेवली. खांद्यातली कळ गेली ती परत आली नाही. पाणी दोन्ही बाजूंनी रेशमासारखं फाटत होतं. पुढे नवसाबाई ढुंढिराजांना माळ ओवायला शिकवत होती, आणि त्यांचे हात जाळीवरून सुटले आहेत, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

आम्ही नारंगी फुग्याला वळसा घातला आणि काठाला लागलो. विश्वेश पाण्यात दोन पावलं आत आला. "मॅडम, सरळ आली होडी."

"हो."

"पण ही मालवाहतूक झाली. आणि या बाई प्रवासी. आपल्या नियमात..."

"दादा, बोहनी व्हायचीय," नवसाबाई म्हणाली आणि त्याच्या हातात एक क्रेट ठेवला. हातात क्रेट आल्यावर नियमाचं उरलेलं वाक्य त्याला सापडेना. तोवर काठावरची मंडळी गोळा झाली होती. तोरणं सगळ्यांनाच हवी होती. यादवसाहेबांनी गाडीसाठी, वाल्मीकने चौकीसाठी घेतलं. वाल्मीकने वर साहेबांना फोन लावून सांगितलं की विधी यथासांग झाला, गुरुजी स्वतः पाण्यात होते आणि दोष टळला. उरलेले क्रेट यादवसाहेबांच्या डिकीतून बाजाराला गेले, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून नवसाबाई त्यांना रस्ता सांगत गेली.

विश्वेशने माझी नोंद कायम केली. खाली एक अट घातली: पुढच्या भागात पुरेसं वजन असेल तेव्हाच ही होडी चालवावी.

तेव्हापासून दर रविवारी ढुंढिराज पुढे बसतात. लाईफ जॅकेट आता एकदाच आवळावं लागतं. बरोबर डबा असतो, थर्मास असतो, आणि वारा कुठून येतो आहे याबद्दल मला सूचना देण्याइतके ते तयार झाले आहेत. सूचना चुकीच्या असतात. मी "बरं" म्हणते.

दोन्ही बोल्टांच्या मागे एकेक जाड वायसर घातला की पाती जागेवर येतील आणि होडी माझ्या एकटीनेही सरळ जाईल. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळाचं काम. यादवसाहेबांनी बरोबर मापाचे वायसर आणूनही दिले आहेत, आणि लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, बसवले का? मी सांगते, कुठे ठेवलेत तेच सापडत नाहीत. ते मी पिठाच्या डब्याच्या तळाशी ठेवले आहेत.